बांधालगतच्या दोन ओळी

११ जानेवारी

बियाण्याच्या दुकानदारानं काकडीच्या पुड्यांबरोबर ही डायरी फुकट दिली. मनात होतं की हिच्यात फक्त लागवडीचं लिहायचं, बी कधी टाकलं, पाणी कधी दिलं. पण आज डोकं इतकं तापलंय की आधी तेच उतरवते, नाहीतर हातातला तांब्या कुणाच्या तरी टाळक्यात जाईल.

सकाळी आत्याबाईंच्या ओसरीवर बैठक बसली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. त्या मधे. एका बाजूला थोरले दीर मानसिंगदादा आणि जाऊ रेश्माताई, दुसऱ्या बाजूला मी आणि सुयोग. (समोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, इथं सुयोगच लिहिणार. डायरी माझी आहे.) वाटणी होऊन वर्ष झालं. पण सुयोग लोणी देवकरला कंपनीत, आठवड्यातून एकदा लासुर्ण्याला येणार, म्हणून आमच्या वाट्याचं रानही दादाच कसतात. सगळा ऊस. मी म्हटलं, मला वीस गुंठे द्या, मी उन्हाळी काकडी करते. दादा हसले. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत. तेच मला जास्त लागलं.

शेवटी आत्याबाईंनी तोडगा काढला. एक हंगाम रान माझं. काकडी निघाली तर ते वीस गुंठे कायमचे माझ्या हातात. नाही निघाली तर तिथं पुन्हा दादांचा ऊस, आणि मी भांडीकुंडी उचलून लोणी देवकरच्या खोलीत. सुयोग मान डोलावत होता. त्याला दोन्ही चालतं. मला नाही चालत. त्या खोलीत मी दिवाळीनंतर चार दिवस काढले होते. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी, आणि दिवसभर करायचं काय, तर दोन माणसांचा स्वयंपाक. तिथं राहिले तर मी कुणाचा तरी जीव घेईन, बहुतेक सुयोगचाच.

२० जानेवारी

सगळ्यांना सल्ला द्यायची घाई. आत्याबाई म्हणतात, शिवरात्र झाल्याशिवाय काकडीचं बी घालू नये, थंडीनं कुजतं. दादांनीही आत्याबाईंकरवी तोच निरोप पाठवला. आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, आणि वाटणीपासून मी रेश्माताईशी बोलत नाही, त्यामुळं या घरातून त्या घरात जे जातं ते आत्याबाईंच्या तोंडून. अर्धं त्या विसरतात, उरलेलं मी ऐकत नाही.

थंडीनं बी कुजतं हे खरं. पण शिवरात्रीनंतर टोकलं तर ऐन फळ धरायच्या वेळी एप्रिलचं ऊन डोक्यावर येणार. त्या उन्हात वेलाला नुसती नर फुलं लागतात, जे फळ धरतं ते कडू आणि वाकडं. म्हणजे तोडा मार्चात सुरू व्हायला हवा, आणि त्यासाठी रोप फेब्रुवारीच्या सुरुवातीला रानात गेलं पाहिजे. आज प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरलं, एका खणात एक बी, नखाएवढं खोल. ट्रे एकावर एक रचून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चुलीमागच्या भिंतीला लावून ठेवले. रानात थंडी असेल, माझ्या चुलीमागं नाही.

माझ्या माहेरी, सुप्याकडं, बाजरीत वाळकं, काकडीचीच गावरान भावंडं, आपोआप उगवतात. कुणी लावत नाही, कुणी फवारत नाही. तिथं पाणीच नाही, तर तण कुठून येणार, एका खुरप्यात वर्ष निघतं. इथं कालव्याचं पाणी, तण गुडघ्याला लागतं आणि त्याच्यासाठी दुकानात बाटल्यांची रांग. त्या बाटल्यांतलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

२९ जानेवारी

आज मी मानसिंगदादांना ढेकूळ मारलं.

रान तयार झालं होतं. शेणखत घालून बेड ओढले, ठिबकच्या नळ्या टाकल्या, वर तण अडवायला मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद ताणून कडेनं मातीनं दाबला. दोन दिवस कंबर मोडली. आणि दादा शेजारच्या, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या खोडव्यातून ट्रॅक्टर घेऊन आले ते वळवायला जागा नाही म्हणून सरळ बांध ओलांडून माझ्या बेडच्या टोकावरून गेले. कागद फाटला, नळी चेपली. मी हाका मारल्या, ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू गेल्या नसतील. मग हाताला लागलं ते ढेकूळ उचललं आणि फेकलं. नेमकं पाठीत बसलं. मला वाटलं आता उतरतील, शिव्या देतील, मग मलाही बोलता येईल. ते नुसते वळून बघून पुढं गेले.

दुपारी दादांनी आत्याबाईंबरोबर नळीचा नवा तुकडा आणि जोडणी पाठवली. मी ती घेतली, पण राग गेला नाही. शिवी दिली असती तर गेला असता.

४ फेब्रुवारी

ऊन उतरल्यावर रोपं लावली. दोन पानांवर आलेली, बोटभर उंचीची. कागदाला भोक पाडून, मुळाची गोळी न फोडता आत ठेवायची आणि मातीनं हलकेच मिटवायची. जोरानं दाबलं की काकडी रुसते. आत्याबाई बघायला आल्या होत्या. थंडीत इतकी रोपं उगवली कशी म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, चुलीला विचारा. त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

११ फेब्रुवारी

लाल भुंगे. सकाळी उन्हाच्या आधी ते पानाखाली थंडीनं बधिर बसलेले असतात, तेव्हाच मारायचे. औषधापेक्षा हात बरा. बोटांत धरून चिरडले की कुडकुड वाजतं आणि नखं पिवळी होतात. पहिल्या दिवशी किळस आली होती. आज मी एकेकाशी बोलत होते. माझं पान खातोस, ये, तुला दाखवते. एकाचे आधी पाय तोडले. रेश्माताई तिच्या गोठ्यातून बघत होती. बघू दे. तिलाही कळू दे मी कशी आहे.

वेलांनी धागे सोडलेत. बांबू रोवून तार ओढली, आता सुतळीवर चढवायचे. खालच्या पाच गाठींतले फुटवे आणि कळ्या खुडून टाकायच्या, मग वर जोर धरतो. खुडताना मला आवडतं. पटकन मोडतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी दादा बांधापलीकडं खोडव्यावर तणनाशक फवारत होते. वारं सुटलं तसं अर्धं रान टाकून निघून गेले. कामाचा कंटाळा, दुसरं काय.

माझ्या वेलांना आज विद्राव्य खत आणि बुरशीनाशक द्यायचं होतं. दुपारनंतर वारं पडलं. वाटणीत सगळं वाटलं, ताटल्यासुद्धा मोजून, पण विहीर आणि बॅटरीचा फवारणीपंप सामायिक राहिला. गोठ्यात कुणी नव्हतं, मी पंप उचलून आणला. बघते तर त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली. घट्ट, दोन गाठी मारून. म्हणजे आता पंपही त्यांचा झाला, खूण करून ठेवला. गाठी सुटेनात. मी दातानं तोडल्या आणि चिंधी उकिरड्यावर फेकली.

पंपाला कसलासा फिनेलसारखा वास येत होता. तळाशी थोडं पाणी होतं ते सांडलं, एक तांब्या पाणी घालून हलवलं आणि औषध कालवलं. घराच्या बाजूनं सुरुवात केली. बांधाकडच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा बॅटरी संपली. चार्जिंगही पुरतं करत नाहीत मेले. पंप होता तिथं ठेवून आले.

१८ फेब्रुवारी



वेल वाकडे झालेत. काल सकाळी शेंडे मान टाकल्यासारखे दिसले, वाटलं पाणी कमी पडलं. आज बघते तर पानं अरुंद झालेली, पंख्यासारखी दुमडलेली, शिरा वर आलेल्या. देठ पिळल्यासारखे. दुकानदाराला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. म्हणाला, ताई, हे उसावर मारायचं तणनाशक लागलंय, काकडीला त्याचा वाससुद्धा सोसत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं. परवा सकाळी तो माणूस बांधाला उभा राहून फवारत होता आणि वारं माझ्याकडं होतं.

आणि लबाडी बघा. घराकडच्या ओळी सगळ्यांत जास्त गेल्या आहेत. बांधाकडं येऊ तसं कमी होत जातं, आणि त्यांच्या उसाला लागून असलेल्या दोन ओळी हिरव्यागार, एक पान दुमडलेलं नाही. म्हणजे जवळच्या सोडल्या, लांबच्या मारल्या, कुणी बोट दाखवू नये म्हणून. कसं केलं असेल ते मला कळत नाही, पण इतकं डोकं लावून केलंय म्हणजे मुद्दामच केलंय.

सुयोगला कंपनीत फोन केला. तो म्हणाला, दादा असं करायचा नाही. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमची बायको उघड्यावर आली तरी तुम्ही दादा दादा करत बसा. उद्या तुम्ही आला नाहीत तर मी विळा घेऊन जाते त्यांच्या दारात, मग माझं प्रेत न्यायला या नाहीतर त्यांचं. हे बोलताना माझा आवाज एकदम शांत होता. त्यालाच तो घाबरला असावा.

१९ फेब्रुवारी

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सुयोग रात्रपाळी करून तसाच आला, डोळे लाल. मी त्याला चहासुद्धा दिला नाही, हाताला धरून रानात नेलं. ओळीओळीनं फिरवलं. एक वेल उपटून त्याच्या हातात दिला. तो वेल हातात घेऊन उभा होता तेव्हा दादा पाणी वळवायला खोरं घेऊन बांधावर आले. मी ओरडले. वाटणीपासूनचं सगळं काढलं, ट्रॅक्टर काढला, मिशीतलं हसणं काढलं. दादा बांध उतरून आत आले, खाली बसून पान हातात घेऊन बघायला लागले. सुयोगलाच म्हणाले, "वारं फिरलं आसंल रं. मी मधीच बंद केलं हुतं फवारायचं." माझ्याकडं बघितलंही नाही.

मी सुयोगला म्हटलं, "ऐकलंत? वाऱ्यानं केलं म्हणे. वाऱ्याला मारा आता."

सुयोगनं बाजूचा बांबू उपटला. वरून फुटलेला होता, तारेसकट आला. पहिला फटका दादांच्या खांद्यावर बसला. दादा उठायला गेले, हात वर केला, आणि दुसरा तोंडावर बसला. फुटलेलं टोक डोळ्यात गेलं. दादा ओरडले नाहीत. गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं. बोटांमधून रक्त आणि दुसरं काहीतरी पातळ माझ्या मल्चिंगच्या कागदावर सांडलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. छातीवरचा दगड निघाल्यासारखं बरं वाटलं. मग रेश्माताईची किंकाळी ऐकली आणि ते बरं वाटणं गेलं, पण होतं.

२१ फेब्रुवारी

दादांना बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात ठेवलंय. डावा डोळा काढावा लागला.

पोलीस आले होते. आम्ही दोघं ओसरीवर बसून वाट बघत होतो, मी पिशवीत दोन साड्यासुद्धा भरून ठेवल्या होत्या. पण दादांनी जबाब दिला की बांबू रोवताना बांधावरून पाय घसरला. हे ऐकून सुयोगनं ओसरीच्या खांबावर डोकं आपटलं. एकदा नाही. आत्याबाईंनी धरलं.

रेश्माताईनं नळावर माझे केस धरून मला खाली पाडलं. घागर माझ्या पाठीत घातली. मी तिला ओरबाडलं, तिच्या गळ्यावर माझी नखं उठली आहेत. शेजारच्या बायका सोडवायला आल्या तोवर आम्ही दोघी चिखलात लोळत होतो.  माझी पाठ काळीनिळी झालीय. काही वाटत नाही. पीक माझं मेलंय, डोळा त्यांचा गेलाय, फिट्टंफाट झाली असं मी मनाला सांगते आणि मन ऐकत नाही.

२४ फेब्रुवारी

सुयोग कामावर गेलेला नाही. दिवसभर त्या वेलांमधून फिरतो. आज त्यानं विचारलं की बांधाकडच्या दोन ओळी कशा राहिल्या. मी म्हटलं, लबाडी, मी सांगितलं ना. तो म्हणाला, त्या दिवशी तू काय काय केलंस ते सांग. मी सांगितलं, घराकडनं सुरुवात करून खत आणि बुरशीनाशक फवारलं, बॅटरी संपली म्हणून त्या दोन ओळी राहिल्या.

त्यानं आधी त्या दोन ओळींकडं आणि मग घराकडच्या ओळींकडं बघितलं. मग म्हणाला, "पंपाला लाल चिंधी न्हवती?"

मी म्हटलं, होती, तोडून टाकली, सामायिक पंपावर त्यांनी मालकीची खूण का करावी. सुयोग तिथंच मातीत बसला. त्यानं जे सांगितलं ते असं, की त्यांच्या वडिलांपासून या घरात रीत आहे. तणनाशक भरलेल्या पंपाला लाल चिंधी बांधायची. सोड्याच्या पाण्यानं तीनतीनदा धुतल्याशिवाय ती सोडायची नाही, आणि ती असेपर्यंत पंपाला कुणी हात लावायचा नाही. घरातल्या पोराटोरांना माहीत असतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं, आजवर फवारणी पुरुषांनीच केली. सुप्याला आमच्या घरात पंपच नव्हता. आणि मी तांब्याभर पाण्यानं धुतला होता. एवढ्यानं काय राहणार आत? मी त्याला तसं म्हटलं. भावाला वाचवायला बायकोच्या माथी मारताय, असंही म्हटलं. 

२६ फेब्रुवारी

काल सुयोगनं तोच पंप आणला, आत एक तांब्या साधं पाणी घातलं, मला समोर उभं केलं आणि चांगल्या ओळीतल्या एका वेलावर मारलं. फक्त एकाच. मी म्हटलं, मारा, काही होणार नाही.

आज त्या वेलानं मान टाकलीय. शेंडा पिळवटलाय. डाव्या उजव्या बाजूचे वेल ताठ आहेत. मी तिथं उभी राहिले. मग मी तो वेल उपटला, पायाखाली घेतला, तुडवला, त्याचा चेंदा होईपर्यंत तुडवला. कशासाठी ते मला माहीत नाही. पुरावा म्हणून नाही, तिथं बघायला कुणी नव्हतंच. सुयोग होता, त्यानं आधीच बघितलं होतं.

तो शांतपणे म्हणाला, "दादाचा डोळा मी काढला. तुझ्या सांगण्यावरनं काढला. आता दादाला तू सांगायचं. मी सांगितलं तर तुझ्यावर ढकलल्यागत हुईल."

मी हो म्हटलं. दादा घरी आले की सांगते म्हटलं.

३ मार्च

दादा काल घरी आले. डाव्या डोळ्यावर पट्टी, चेहरा अर्धा सुजलेला. आज सगळे पुन्हा ओसरीवर बसले. मी सकाळपासून वाक्य जुळवत होते. भाकरी करतानाही तेच. ओसरीवर गेले तेव्हा ते तोंडात तयार होतं.

पण दादाच आधी बोलले. आणि माझ्याशी बोलले, सरळ, नाव घेऊन. लग्न होऊन सात वर्षं झाली, पहिल्यांदा.

"स्वरूपा, तुझं पीक माझ्या हातनं गेलं. वारं सुटलेलं दिसत हुतं, तरी मी आणखी दोन सऱ्या मारल्या. मारायला नगं हुत्या. तू लावणीत कमी पडली न्हाईस, तवा रान तुझंच. आईनं घातलेली अट मी मोडतोय. ह्याच्यापुढं बांधाजवळ तणनाशक मारायचं न्हाय, हातानं खुरपू."

आत्याबाईंनी मान हलवली. रेश्माताई भिंतीकडं बघत होती. सुयोग माझ्याकडं बघत होता.

वाक्य तोंडात होतं, शपथेवर सांगते. पण 'रान तुझंच' हे मी कानांनी ऐकलं होतं आणि ते परत जाऊ द्यायला माझी जीभ तयार होईना. मी म्हटलं, "झालं ते झालं, दादा." एवढंच म्हटलं. माझा आवाज मला मोठ्या मनाच्या बाईसारखा वाटला.

सुयोग उठला, बूट घातले, मोटारसायकल काढली. फाटकाशी मी गेले तर म्हणाला, सांगितल्याशिवाय मी या घरात येणार नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून आईला सांग. मी तसं सांगितलं.

७ मार्च

मेलेले वेल काढले आणि त्याच भोकांमध्ये पुन्हा बी टोकलं. आता उशीर झालाय, पण थंडी गेलीय म्हणून ट्रे लागत नाहीत, बी सरळ रानात चार दिवसांत वर येईल. पुढं ऊन सोसायला उसाच्या बाजूनं मक्याची ओळ आणि वर हिरवी जाळी. जाळी दादांनीच आणून दिली.

ते टोकायलाही आले. नको म्हटलं तरी बसले. एका डोळ्याला खोली कळत नाही. बी चिमटीत धरून भोकात घालायला जायचे आणि बोट कागदावर आपटायचं. पुन्हा उचलायचे, पुन्हा बाजूला. एक ओळ होईपर्यंत घामानं भिजले. मी पुढच्या बेडवर होते, पाठ करून. मला इतका राग आला की हातातलं खुरपं मी मुठीपर्यंत मातीत खुपसलं. कुणाचा राग ते विचारलं तर मला सांगता येणार नाही. ते तिथून निघून जावेत एवढंच वाटत होतं.

पलीकडं रेश्माताई खोडव्यात बसून हातानं तण काढते. दुपारच्या उन्हात, सरी सरी. उसाच्या पात्यानं तिचे हात चिरलेत, चिंध्या गुंडाळून काढते. तिला वाटतं, हे माझ्या काकडीपायी. खरंच आहे ते.

१३ मार्च

सुयोगचा फोन नाही. ओव्हरटाइम असेलही खरा.

बांधाकडच्या दोन ओळींना फळं धरलीत. कोवळी, अंगावर लव असलेली. रोज सकाळी जाते, पान बाजूला करून बघते. माझीच आहेत, माझ्याच रानातली. हे मी मोठ्यानं म्हटलं आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघितलं.

१९ मार्च

काल पहिला तोडा केला. आज एक पिशवी भरून घेतली आणि एसटीनं इंदापूर, तिथून लोणी देवकर. सुयोग पहिली पाळी करून नुकताच आला होता. खोलीत एक ताट, एक पेला, दोरीवर एकच शर्ट. सुयोग वाळलाय. त्यानं पिशवीकडं बघितलं नाही. दारातच विचारलं, "सांगितलंस?"

नाही म्हणायलाच गेले होते मी. किंवा काहीच न बोलता त्याला हाताला धरून घरी आणायला. पण तो दारात असा उभा होता, एक पाय बाहेर, एक आत, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यानं दार लावलं असतं. मला रानही हवं होतं आणि हा माणूसही. मी म्हटलं, "हो, सांगितलं."

सुयोग रडला. मोठ्या माणसाला इतकं रडताना मी बघितलं नव्हतं. पिशवीतली एक काकडी घेतली, न धुता, रडत रडत खाल्ली. काय म्हणाला दादा, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, माफ केलं. तो म्हणाला, चल, आत्ताच जाऊ, मला त्याच्या पायावर डोकं ठेवायचंय. मी म्हटलं, रविवारी जाऊ, म्हटलं, तुम्ही दमलाय, म्हटलं, जेवून तरी घ्या. त्यानं मोटारसायकलला किक मारली.

लासुर्ण्यापर्यंत मी त्याच्या पाठीला धरून बसले होते. सांगायला सगळा रस्ता होता. त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून कानात सांगता आलं असतं. तो वाऱ्यात काहीबाही बोलत होता, यंदा दिवाळीला सगळे एकत्र करू, पुढच्या वर्षी चाळीस गुंठे करू. मी हं हं करत होते. वालचंदनगर गेलं, मग आमच्या घराची वाट आली, मग घर आलं.

तो आमच्या दाराशी थांबलाच नाही. चपला फेकून थेट दादांच्या ओसरीवर गेला. मी घरात आले.

अजून ऊन आहे. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. आधी सुयोगचा रडका आवाज आला, मग दादांचा, उठवत असतील त्याला. मग सुयोग म्हणाला, "तिनं पंपाचं सांगितलं तवा तुला काय वाटलं आसंल, दादा." ते मला स्पष्ट ऐकू आलं. दादा म्हणाले, "कसला पंप?"

त्यानंतर सुयोग बराच वेळ बोलत होता, हळू.  रेश्माताई भाकरी थापत होती, ती थाप बंद झालीय.

मी दाराला कडी लावायला उठले होते. कडीला हात लावला, आणि तसाच काढला. परत येऊन बसलेय आणि हे लिहितेय. ओसरीवरून कुणीतरी उतरलं. पाय आपटत येतंय, म्हणजे रेश्माताईच. दार उघडं आहे.